बर्फात रोवलेली नळी

मिरकरवाड्यातल्या त्या घरी मी दर महिन्याला रक्त घ्यायला जायचे आणि दर महिन्याला आधी चाचांना त्यांचं नाव विचारायचे. "अजून माझा नाव पाठ नाय झाला तुला?" ते चिडवायचे. रुग्णाने स्वतःच्या तोंडाने नाव सांगायचं आणि ते त्याच्यासमोरच नळीवर लिहायचं, असा नियम आहे. इतकी वर्षं घरोघर फिरल्यावर नियमांचाही कंटाळा येतो. पण ते सोडले की एकाचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर जातं, म्हणून विचारायचं.

चाचा मासेमारी लाँचचे तांडेल, लाँचवर सगळे त्यांच्या शब्दावर चालायचे. आता किडन्यांनी दगा दिला होता. या वेळी पोटॅशियम वाढलेलं निघालं तर डायलिसिस, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आठवड्यातून दोनदा यंत्रापाशी पडून राहायचं म्हणजे समुद्र संपला, एवढं चाचांना कळत होतं. त्यांच्या बायकोला, चाचींनाही कळत होतं.

चाचांच्या डाव्या हाताला सुई लावायची नाही, तो डायलिसिससाठी राखलेला. उजव्या हाताच्या शिरा टोचून टोचून बुजलेल्या. मुठीची उघडझाप करू नका, त्याने पोटॅशियम खोटंच वाढतं, असं सांगितलं की चाचा हटकून करायचे. त्या दिवशी त्यांनी मूठ हलवली नाही. दुसऱ्यांदा टोचल्यावर रक्त आलं. ते गोठावं म्हणून नळी स्टँडमध्ये उभी केली, तोच गल्लीत बर्फाचा टेम्पो भोंगा वाजवायला लागला. माझी स्कूटर आड येत होती. ती हलवून आले तर स्टँड रिकामा.

चाचींनी नळी मासळीच्या डब्यात, चुरलेल्या बर्फात गळ्यापर्यंत रोवली होती. "गरमी केवढी हाय, बाय. खराब झाला तर परत टोचशील त्यांना," त्या म्हणाल्या. त्यांचा जन्म मासळी टिकवण्यात गेलेला. टिकवायचं तर बर्फ, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. ओरडायचं म्हटलं तरी माझ्यात तेवढा जोर उरला नव्हता. मी खाटेवर टेकले आणि समजावलं, की रक्त असं थेट बर्फात ठेवलं तर पेशी फुटतात, आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि नसलेला आजार रिपोर्टात दिसतो.

चाचींचं तोंड एवढंसं झालं. तरी त्यांनी चालवून घे म्हणून विनवलं, कारण चाचांनी हात चादरीखाली ओढून घेतला होता. तिकडे पुढच्या घरांत साखर तपासायला उपाशी बसलेले लोक फोनवर फोन करत होते. चालवून घ्यावं असं मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खोट्या आकड्यावर माणसाला किनाऱ्यावर बांधून घालायचं, हे मला जमेना. तसं चाचांना सांगितलं, तेव्हा हात बाहेर आला. हाताच्या पाठीवरून बारीक सुईने पुन्हा रक्त घेतलं, नाव पुन्हा विचारलं. या खेपेला नळीवरून नजर हलवली नाही. ती उभीच ठेवून, बर्फापासून लांब, वेळेत लॅबमध्ये पोचवली. मनातून मला खात्री होती की रिपोर्ट चांगला येणार.

पोटॅशियम वाढलेलंच निघालं.

संध्याकाळी रिपोर्ट द्यायला गेले, तर चाची दारातच उभ्या होत्या. हे त्या बर्फामुळेच ना, असं त्यांनी विचारलं. ती नळी मी बाद केली, हा दुसऱ्या रक्ताचा रिपोर्ट आहे, असं मी सांगितलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि आवाज खाली आणला.

"तू हो बोल. ते आत ऐकतायत."

मला हो म्हणायचं होतं. दिवसभर एवढं नीट काम करून शेवटी हे सांगायची पाळी यावी, याचा मला भयंकर राग आला. मी नाही म्हटलं, तेही आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

आतून चाचांनी विचारलं, डायलिसिसला कुठल्या वारी जायला लागतं.