आपलाच माणूस

ती घटना मला आठवावी लागत नाही. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण सकाळी चहाचा कप हातात घेतला की ती आपसूक समोर येऊन बसते आणि चहा निवतो. चोऱ्या, खून, दंगे, सगळं पाहिलं मी या नोकरीत. त्यातलं फारसं काही आता छळत नाही. ही एक केस छळते, कारण तिच्यात मी एका निरपराध बाईच्या अटकेच्या कागदावर सही करून बसलो होतो.

तेव्हा मी जबलपूरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सुरुवात एका फोननं झाली. शहपुऱ्याच्या एका छोट्या दवाखान्याची मेट्रन बोलत होती. बाई कडक होत्या, आवाजावरूनच कळलं.

"साहब, नई नर्स आई है हमारे यहाँ. सर्टिफिकेट एकदम पक्का. पर बीपी का पट्टा उल्टा बाँधती है."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. प्रमाणपत्रावरचा कोड त्यांनी स्वतः मोबाईलवर तपासला होता आणि हिरवी खूण आली होती. "कागज झूठ नहीं बोल रहा, लड़की झूठ बोल रही है. ये कैसे हो सकता है, आप देखिए."

प्रमाणपत्र शहरातल्या एका खासगी नर्सिंग संस्थेचं होतं. नकली कागदांचा फार बोभाटा झाल्यावर त्या संस्थेनं आपली प्रमाणपत्रं ब्लॉकचेनवर टाकली होती. हे काय प्रकरण, ते मला तेव्हा काडीचं ठाऊक नव्हतं. पुढे जे समजलं ते असं: एकच वही अनेक ठिकाणी एकाच वेळी लिहिली जाते, त्यामुळे एका ठिकाणी खाडाखोड करून भागत नाही. त्या वहीत कोणी काय लिहायचं याचे नियम एका प्रोग्राममध्ये बांधलेले असतात, त्याला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. मध्ये माणूस नाही. नियम जुळला की काम होतं.

आम्ही संस्थेचं प्रवेशाचं रजिस्टर आणि ही वही शेजारी ठेवून पडताळली. नऊ प्रमाणपत्रं अशांची निघाली की ज्यांनी त्या संस्थेचा उंबरठा ओलांडला नव्हता. आणि नऊच्या नऊ नोंदींपुढे, देणारी म्हणून, एकच नाव होतं. संस्थेतल्या कारकून बाईंचं.

बाई शहरातल्याच रांझी भागातल्या. नवरा कारखान्यात कामगार, घराणं दोन पिढ्यांपूर्वी भंडाऱ्याकडून आलेलं. वीस वर्षं त्या खुर्चीत बसलेल्या. नोटीस देऊन बोलावलं तर वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर, डबा बरोबर घेऊन. महिला आरक्षक, म्हणजे शिपाई, शेजारी बसवली आणि मी प्रश्न सुरू केले. आमचं घर मराठीच. बाई मराठी म्हटल्यावर मीही मराठीत बोललो. वाटलं, आपल्या भाषेत माणूस लवकर मोकळा होतो.

"ताई, प्रमाणपत्र द्यायची गुप्त चावी कोणाकडे असते?"

"माह्याच फोनमधी, साहेब."

"ती कोणाला दिली?"

"कोणालेच नाही. काहून देऊ? तशी चावी देत राहिली असती तर त्या खुर्चीत टिकली असती का मी?"

तीन दिवस हेच चाललं. सूर्य मावळायच्या आत त्यांना घरी सोडायचं, सकाळी पुन्हा बोलवायचं. मी आवाज चढवून पाहिला, गोड बोलून पाहिलं. या धंद्यातला माझा एक अनुभव आहे: खोटं बोलणाऱ्याची गोष्ट रोज थोडी सुधारत जाते. काल अडलेलं आज गुळगुळीत होऊन येतं. या बाईंची गोष्ट तीन दिवसांत इंचभर हलली नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि तरी मी ते बाजूला ठेवलं. याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बाई माझ्यासमोर बसलेल्या असताना संस्थेच्या संचालकांचा फोन आला. दहावं प्रमाणपत्र आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, निघालं होतं. बाईंच्याच नावानं.

बाई समोर. त्यांचा त्याच सकाळी जप्त केलेला फोन मालखान्यात, मुद्देमालाच्या खोलीत. मग लिहिलं कोणी?

माझ्या विवेचक, म्हणजे तपास करणाऱ्या, उपनिरीक्षकाकडे उत्तर तयार होतं. चावीची नक्कल बाहेर साथीदाराकडे आहे, बाई त्याला वाचवतायत, आत घेतल्याशिवाय बोलणार नाहीत. तर्क सरळ होता. तासाभरात अटकेची कारणं लिहिलेला कागद इतर फायलींच्या गठ्ठ्यात माझ्या टेबलावर आला. गठ्ठा माझ्याच विवेचकाकडून आला होता. मी ओळीनं सह्या करत गेलो.

सही झाली आणि मला खुर्चीत बसवेना. उठलो, व्हरांड्यात गेलो, परत आलो, पाणी प्यालो. कुठेतरी दोरा निसटतोय असं वाटत होतं. बाहेरच्या बाकावर बाई डबा उघडून बसल्या होत्या, पण घास काही उचलत नव्हत्या. त्यांच्या शेजारी तो प्रोग्राम लिहिणाऱ्या छोट्या कंपनीची, आम्ही चौकशीला बोलावलेली मुलगी लॅपटॉप मांडीवर घेऊन होती. तिशीतली, शहरातल्याच मराठी घरातली. मराठी समजायची, उत्तर हिंदीत द्यायची. सकाळपासून तिनंही काही खाल्लं नव्हतं. चूक आपल्या कोडची तर नाही ना, ही भीती तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"बेटा, या ताईंच्या फोनमधून काही गेलंय का, ते पक्कं सांगता येईल?"

"फोन दिखा दीजिए सर, आपके सामने देख लेती हूँ."

म्हणून मालखान्यात गेलो. मालखाना सांभाळणारा प्रधान आरक्षक, आपल्याकडचा हवालदार, म्हणजे ठाण्याचा खांब. रजिस्टर मोत्यासारख्या अक्षरात, पेन कानावर. त्यानं कपाट उघडलं, पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं.

"सर, वो तो ले गया."

"कोण?"

"अपना ही आदमी सर, आरक्षक. बोला साहब मँगा रहे हैं."

मी मागवला नव्हता. फोन सीलबंद का नव्हता, विचारलं, तर सील करायची लाख संपली होती. दुपारी आणायची होती. माझं डोकं फिरलं. आरक्षकाला शोधलं, तर तो म्हणाला, मला तर संस्थेच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला की साहेबांना फोन हवाय. ड्रायव्हरला शोधलं. महाशय व्हरांड्याच्या टोकाला उभे, एका कानाला स्वतःचा फोन, दुसऱ्या हातात जप्त केलेला पुरावा, आणि मोठ्यानं आकडे वाचून दाखवतायत. संस्थेच्या कुठल्याशा शिष्यवृत्तीच्या पोर्टलचा ओटीपी बाईंच्या नंबरवर यायचा. ऑफिसनं त्याला तेवढ्यासाठीच धाडलं होतं.

"भैया, बस दो मिनट का काम था," तो म्हणाला.

मी कोणाकोणाला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बोलताबोलताच मी थांबलो. गेटवरच्या पहारेकऱ्यानं ड्रायव्हरला आत सोडलं, त्यात त्याची चूक नव्हती; ठाण्यात तक्रार घेऊन कोणीही येऊ शकतो. आरक्षकानं निरोप पुढे नेला. आणि मालखान्यानं एवढंच पाहिलं की मागणारा आपल्याच ठाण्याचा आहे. त्याला पाठवलं कोणी, हे कोणी विचारलंच नाही. चार पावलांत एका परक्या माणसाच्या हातात पुरावा गेला होता, आणि मी त्या क्षणी रजिस्टर पाहिलं असतं तर त्यात फोन कपाटातच होता.

ती मुलगी माझ्या मागे उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तोंडावर हात ठेवून ती खाली, चक्क पायरीवर बसली.

"सर, यही हुआ है. हमारे यहाँ भी यही हुआ है."

मग तिनं समजावलं. त्यांच्याकडे दोन कॉन्ट्रॅक्ट होते. एक दुरुस्तीचा: जन्मतारीख चुकली, पत्ता बदलला, तर विद्यार्थी स्वतः तिथे अर्ज टाकायचा. तो सगळ्यांना उघडा, ठाण्याच्या गेटसारखा. दुसरा प्रमाणपत्र देणारा, आमच्या मालखान्यासारखा. दुरुस्तीवाला आपली मागणी प्रमाणपत्रवाल्याकडे पाठवायचा. आणि तो तपासायचा एवढंच, की हाक आपल्याच कॉन्ट्रॅक्टकडून आली आहे का. आली असेल तर काम करून टाकायचा. मूळ मागणारा कोण, त्याला हे काम करायची परवानगी आहे का, हा प्रश्नच नियमात नव्हता. कोणीतरी असा अर्ज टाकून पाहिला होता की ज्याच्या क्रमांकाचं प्रमाणपत्रच नाही. दुरुस्त करायला काही नाही म्हटल्यावर प्रोग्रामनं नवीन बनवून दिलं. आणि दुरुस्तीचा कॉन्ट्रॅक्ट ऑफिसच्या, म्हणजे बाईंच्या नावाच्या, खात्याखाली नोंदवलेला असल्यानं देणारी म्हणून छापलं गेलं कारकून बाईंचं नाव.

"म्हणजे ताईंच्या चावीला कोणी हातही लावला नाही?"

"नहीं सर." तिचे डोळे भरले होते. "स्क्रीन पर नाम दिखता है, बस. असली भेजने वाले का पता पीछे की एंट्री में है. मैंने देखा ही नहीं. सबने नाम देखा, मैंने भी नाम देख लिया."

मी आत गेलो, गठ्ठ्यातून तो कागद काढला आणि त्यावर आडवी रेघ मारून कारण लिहिलं, सही केली, वेळ घातली. फाडला नाही. माझी चूकही फायलीत राहायला हवी होती.

यानंतर आमचं भांडण झालं. मुलीला दोन्ही कॉन्ट्रॅक्ट ताबडतोब थांबवायचे होते. मी म्हणालो, एक दिवस चालू ठेव, चोर पुन्हा आला की पकडू. पोलिसाचं डोकं सापळ्याकडेच धावतं.

"और एक दिन में एक और नर्स बन गई तो? किसी की माँ को सुई लगाएगी, सर. सापळा नको."

तेवढे दोन शब्द तिनं मराठीत म्हटले. मी सापळ्याचा विचार सोडला. तिनं दोन्ही कॉन्ट्रॅक्ट थांबवले. असा कॉन्ट्रॅक्ट एकदा लिहिला की त्यात डागडुजी होत नाही, नवाच लिहावा लागतो. तिनं आठवडाभर तो लिहिला. दुरुस्तीवाल्यानं मूळ मागणाऱ्याचा पत्ता, म्हणजे वहीतली त्याची ओळख, पुढे कळवायचा, आणि प्रमाणपत्रवाल्यानं त्या पत्त्याला नेमकं तेच काम करायची परवानगी आहे का हे स्वतः तपासायचं. घरचा असो की परका. दुरुस्तीतून नवं काही जन्मालाच येणार नाही, अशी अटही घातली. मग तिनं स्वतःच चोर होऊन दोन दिवस ते फोडायचा प्रयत्न केला, आणि कंपनीतल्या दुसऱ्याकडूनही करवला.

चोर सापळ्याशिवायच सापडला. दहाही अर्ज एकाच पत्त्यावरून आले होते, आणि त्या पत्त्यावरून त्याआधी एक अकरावा अर्जही होता, अगदी खरा. संस्थेच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं स्वतःची जन्मतारीख दुरुस्त करून घेतली होती. तिथेच त्याला दार सताड उघडं असल्याचं कळलं. आता तो नोकऱ्या लावून देण्याचं दुकान चालवत होता, प्रमाणपत्रासकट. समोर कागद ठेवला तेव्हा त्यानं अर्ध्या तासात सगळं सांगितलं, आणि वर म्हणाला, "मैंने कुछ तोड़ा नहीं साहब. माँगा, और मिल गया." दहाही जणींची प्रमाणपत्रं रद्द झाली, शहपुऱ्याच्या मेट्रन बाई त्या दिवशी पहिल्यांदा फोनवर हसल्या.

बाईंचा फोन परत द्यायला मी कोणाला पाठवलं नाही, स्वतः रांझीला गेलो. मला माफी मागायची होती. जाताना वाक्यं जुळवत गेलो. दार बाईंनी उघडलं. गल्लीत शेजारणी उभ्याच होत्या. तीन दिवस त्यांनी या दारातून एक बाई ठाण्यात जाताना पाहिली होती.

मी पावतीचा कागद पुढे केला. म्हटलं, "ताई, सही करा, फोन घ्या. आणि माझं चुकलं."

बाईंनी कागद घेतला नाही.

"ओळखपत्र दाखवा, साहेब."

मला वाटलं, ऐकण्यात चुकलं. "ताई, तुम्ही मला ओळखता."

"ओळखतो ना. चेहऱ्यानं ओळखतो. तुम्ही बी नाव पाहूनच मले ओळखलं होतं." त्यांनी एक हात दाराच्या चौकटीवर ठेवला. "तीन दिवस विचारलं तुम्ही, चावी कोणाले दिली. एकडाव तरी विचारा लागत होतं, का बाई, हे काम चालते कसं."

तीस वर्षांच्या नोकरीत वर्दीतल्या मला कोणी कार्ड मागितलं नव्हतं. पोलिसाचा धडा असा सोपा आहे: दारावर जो दिसतो त्याला पाहता तसंच, त्याला कोणी पाठवलं तेही पाहा, आणि जवळच्याला आधी विचारा, कारण परक्याला आपण विचारतोच. हे मी नंतर कितीतरी नव्या पोरांना सांगितलं. सांगायला सोपं होतं.

त्या दिवशी मी खिशात हात घातला, कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे धरलं. बाईंनी चष्मा लावला. फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, नाव वाचलं, मुदत वाचली. सगळी गल्ली बघत होती. मग त्यांनी सही केली, फोन घेतला, आणि बाजूला होऊन म्हणाल्या, "या आता आत."