पारंपरिक नावाचा माणूस

स्वतःचं गाणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला माझे कोरीटचे मामा जितके चालले, तितकं कुणी नवस फेडायलाही चाललं नसेल. गाणं त्यांनी आयुष्यात एकच रचलं. मामी फार आजारी पडली तेव्हा तिला तापीपलीकडे शहाद्याच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. बैलगाडी मागून येत होती. नाव सुटू नये म्हणून मामा पुढे धावत काठावर गेले. नाव थांबली. गाडीही आली, पण मामी वाटेतच गेली होती. ‘नाव थांबाड रे नावाड्या, मन्हं मानूस वाटमा शे’ ही ओळ त्या काठावरची.

पुढे ते गाणं मामांच्या हाती राहिलं नाही. कापूस वेचणाऱ्या बायांनी ते लांबवलं. भजनी मंडळाने माणूस म्हणजे जीव आणि नावाडी म्हणजे देव असं परस्पर ठरवून टाकलं. शहाद्याच्या बँडवाल्यांनी तर ते वरातीत असं पळवलं की नवरदेवाचा घोडा बुजला. मामा सगळीकडे बिनबोलावता हजर. नवी चाल ऐकली की उपरण्याला एक गाठ मारायची. पुढेपुढे ते उपरणं खांद्यावर बसेनासं झालं. राग मात्र कधीच नाही. त्या वरातीनंतर एवढंच म्हणाले, "यास्नी नाव थांबाडीच नही, भाचा. मन्हं मानूस पयत उनं तरी चुकी जाई." म्हणजे पळत आलं तरी त्यांच्या माणसाची नाव चुकणार.

साठ सालच्या सुमारास मी शहाद्याला मास्तर होतो, गळा बरा होता. रेडिओवर गायला बोलावणं आलं. मी ‘शे’चं ‘आहे’ केलं, ‘मन्हं’चं ‘माझं’. तिथल्या कागदावर ‘कवीचे नाव’ असा रकाना होता. अंगठा उठवणाऱ्या मामाचं नाव लिहायची मला लाज वाटली. मी लिहिलं, ‘पारंपरिक’.

गाणं लागलं त्या दिवशी मामा आणि मी एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात रेडिओखाली उभे होतो. निवेदकाने रकाना वाचून दाखवला. गाणं संपल्यावर मामांनी उपरण्याला गाठ मारली. मग म्हणाले, "भाचा, हाऊ पारंपरिक कोन शे?"

मी खिशातले सुटे पैसे मोजू लागलो.

"त्यानं मानूस बी वाटमाच गयं का रे?"

"मामा, त्याले आजलोंग कोनी दखेलच नही," हॉटेलवाला हसत म्हणाला.

तेव्हाच खरं सांगायचं होतं. मी म्हणालो, "साताऱ्याकडचा आहे, मामा. फार लांब."

त्यानंतर रेडिओवर पारंपरिकचं गाणं लागलं की मामा कळवळत. "इतला गाना. बिचारानी कितलं भोगं व्हई." स्टँडवर कुणी साताऱ्याकडचा उतरला की त्याला पारंपरिकची खुशाली विचारत. लोक हसत. मी प्रत्येक वेळी पुढच्या भेटीत सांगू म्हणायचो.

पुढची भेट त्यांच्या खाटेशी झाली. त्यांनी उपरणं माझ्या हातात दिलं. "तो कधी भेटी गया तं हाई त्याले दे. सांग, तुन्हं गानं आठे बी इतला जनास्नी गायं."

‘तुन्हं’ म्हणाले. मी मान हलवली.

रेडिओ केंद्राला मामांचं नाव-गाव कळवणारं पत्र मी या आठवड्यात टाकलं; ते तिथे कुणी वाचेल की नाही, ठाऊक नाही. उपरणं अजून माझ्याकडेच आहे. त्यातली माझी गाठ कोणती, हे मामांना विचारायचं राहून गेलं.