वाफेची नळी असलेलं मशीन

आई बाबांना ओट्याजवळ फिरकू देईना, त्याला दोन महिने झाले होते. दूध ओतताना त्यांच्या हातातून पातेलं निसटलं आणि पाय चांगलाच भाजला. डॉक्टरांनी हात तपासून सांगितलं, ही थरथर वयाची आहे, औषधाने थोडी कमी होईल, पण जायची नाही. आईने घरी पाऊल टाकताच फर्मान काढलं, "आता गॅसाक हात लावल्यात तर बघा!" आणि एकोणऐंशी वर्षांचे माझे बाबा निमूटपणे गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले.

तोवर घरातली सकाळची कॉफी हे बाबांचं काम होतं. कपात कॉफी, साखर आणि चमचाभर पाणी घालून ते इतकं घोटायचे की काळपट तपकिरी रंग बदामी व्हायचा. मग त्यावर उंचावरून दूध. मी बँकेत नोकरी केली, लग्न केलं नाही, आईबाबांजवळच राहिले. त्यामागे रोज आयती मिळणारी ही कॉफी हे एक कारण आहे, असं मी चौकशी करणाऱ्या नातेवाइकांना सांगत असे. त्यांना ते पटायचं नाही, पण ते अगदीच खोटं नव्हतं.

खुर्चीत बसलेले बाबा मला बघवेनात. तसे बसलेले बाबा मी आधी एकदा पाहिले होते. गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी नववीत होते. बाबा परळच्या एका गिरणीत बॉयलरवर होते. संप लांबत गेला. पुढे गिरणी उघडली ती निम्म्याच माणसांना घेऊन, आणि त्या निम्म्यांत बाबा नव्हते. भर दुपारी बाबा घरात दिसायची आम्हाला सवय नव्हती. ते ट्रंकेवर बसून असायचे आणि आई त्यांच्या पायांभोवतीने केर काढायची. मला त्या वेळी त्यांचा रागच यायचा. शाळेतून घरी यायला नको वाटायचं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तिथून त्यांना उठवलं ते एक्स्प्रेसोने. दादरच्या एका केटररकडे लग्नात कॉफी देणारं मशीन होतं. खाली गॅसची शेगडी, वर पाण्याची टाकी, बाजूला वाफेचा दाब दाखवणारा घड्याळासारखा काटा आणि पुढे वाफेची नळी. आधीचा माणूस वाफेच्या आवाजाला घाबरून पळाला होता. गिरणीतला बॉयलर सांभाळलेल्या माणसाला ते म्हणजे खेळणंच. दुसऱ्याच दिवसापासून बाबा दादर-गिरगावातल्या कार्यालयांतून उभे राहू लागले. स्टीलच्या मगात दूध, कॉफी, साखर घ्यायची, नळी आत बुडवायची आणि चावी सोडायची. फस्स! दूध वर आलं की कपात ओतायचं आणि फेसावर चॉकलेट पावडर भुरभुरायची. नवरानवरीपुढे नसेल एवढी रांग बाबांपुढे असायची. दूध झालं की नाही हे ते बघून नव्हे, ऐकून ओळखायचे. एकदा मावसबहिणीच्या लग्नात मी रांगेतल्या सगळ्यांना सांगत सुटले होते, "ते ना, माझे बाबा आहेत." वीस-बावीस वर्षं त्यांनी हे केलं. केटररने धंदा बंद केला तेव्हाच ते थांबले.

म्हणून मी ठरवलं, घरी एक्स्प्रेसोचं ऑटोमॅटिक मशीन आणायचं. त्याला गॅस लागत नाही, म्हणजे आईचं फर्मानही मोडत नाही. मी एक वही घातली आणि तिच्यात मशीनची माहिती उतरवू लागले. बिया दळणारं कोणतं, पाण्याची टाकी मागून निघणारी की बाजूने, धुवायला किती भाग काढावे लागतात. आईने शिवणाची टेप आणून ओट्याची मापं घेतली. टाकी वर उचलून काढायची असेल तर डोक्यावरच्या कपाटाला आपटेल, हे माझ्या नव्हे, तिच्या लक्षात आलं. मिक्सर कुठे सरकवायचा यावर मात्र आमचा दोन दिवस वाद चालला.

बाबा या सगळ्यापासून चार हात लांब होते. 'ऑटोमॅटिक' हा शब्द त्यांच्या आयुष्यात चांगली बातमी घेऊन कधी आलाच नव्हता. गिरणीत ऑटोमॅटिक माग आले की माणसं कमी व्हायची. मला हे सुचायला हवं होतं. पण एकदा वही घातली की मला दुसरं काही सुचत नाही.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मी बाबांना टॅक्सीत घालून दादरला एका दुकानात नेलं. दुकानातल्या मुलीने आधी दांड्याचं मशीन दाखवलं. दळलेली कॉफी दांड्याच्या वाटीत दाबून भरायची आणि दांडा पिळून मशीनमध्ये अडकवायचा. काटा, नळी, चावी, सगळं त्यावर होतं. बाबांचा चेहरा खुलला. त्यांनी दांडा हातात घेतला, लावला, पिळला. अडकेना. तीनदा करून पाहिलं. मनगटात जोरच नव्हता. मग त्यांनी हात खिशात घातला आणि म्हणाले, "दुसरा दाखव, बाय."

दुसरं पूर्ण ऑटोमॅटिक होतं. मुलीने बटण दाबलं. आत बिया दळल्याचा घरघराट झाला आणि खाली इवल्याशा कपात दोन घोट काळी कॉफी पडली.

"ह्या काय? खोकल्याचा औषध?" बाबांनी विचारलं.

"काका, हेच तर एक्स्प्रेसो."

"मी वीस वर्सा लोकांका एक्स्प्रेसो पाजलंय. माका सांगतंस?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मी वहीत पाहिलं. खरं सांगायचं तर वही भरेपर्यंत वाचूनही माझ्या मनातला एक्स्प्रेसो बाबांचाच होता. भरपूर दूध, भरपूर फेस, वर चॉकलेट पावडर. आमच्या अख्ख्या परळ-लालबागला आजही कुणी विचारलं तर हेच उत्तर मिळेल. मुलीने हसून दुसरं बटण दाबलं. मशीनने एका बारीक पाइपाने बाजूच्या डब्यातलं दूध ओढलं, फेसाळलं आणि कपात सोडलं. वर स्वतःची तोटी स्वतःच धुतली.

बाबा वाकून बघत होते. "दळतला ता, दाबतला ता, फेस काढतला ता, धुतला पण ता. मगे माणसान काय करूचा?"

"काहीच नाही काका! बस, बटन दाबायचं," मुलगी कौतुकाने म्हणाली.

"बरा," बाबा म्हणाले आणि दुकानाच्या दारात जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले.

मला त्या मुलीचा असा राग आला! मग लक्षात आलं, तिची काहीच चूक नाही. बाबांना खुर्चीतून उठवायला म्हणून मी जे आणायला निघाले होते, ते त्यांना कायमचं बसवणार होतं. आणि तेही मीच, टापटीप वही घालून. मी वही पिशवीत कोंबली आणि मुलीला साध्या शब्दांत सांगितलं, "हे बघ, दळायचं आणि दाबायचं काम मशीनने करायचं. फेस माणसाने काढायचा. असं काही आहे का?"

"एक पीस आहे मॅडम. पण तो नळीवाला कोणी घेत नाही. हाताने करावं लागतं ना."

"तोच काढ."

ते मशीन सगळ्यात खालच्या फळीवर, खोक्यांच्या मागे होतं. काढलं, पुसलं, लावलं. कॉफीला बटण आणि बाजूला वाफेची नळी, तिला गोल चावी. मी दारात जाऊन बाबांच्या बाहीला धरून त्यांना आत आणलं. मुलीने मागच्या छोट्या फ्रिजमधलं दूध स्टीलच्या मगात ओतून दिलं. बाबांनी मग घेतला तेव्हा दूध हिंदकळत होतं. त्यांनी दोन्ही कोपरं काउंटरवर टेकली, दुधाचा मग नळीखाली आणला आणि चावी सोडली.

फस्स झालं. बाबांनी मान तिरकी केली आणि डोळे मिटले. हातातला मग थोडा खाली आणला, थोडा कलता केला. आवाज जाड झाला तसे ते ऐकत राहिले, आणि मग एकदम चावी बंद. फेस मगाच्या काठाशी येऊन थांबला होता. काउंटरवर थेंब नाही. हात पुन्हा थरथरू लागला, पण आता त्याच्याकडे कुणाचं लक्ष होतं?

मुलीने ते दूध कॉफीवर ओतून एक घोट घेतला, तिला फेसाची पांढरी मिशी आली. "काका, ट्रेनिंगमध्ये आम्हाला एकदा पण असं जमलं नाही हो!"

"चॉकलेट पावडर नाय तुमच्याकडे?" बाबांनी जरा नाराजीनेच विचारलं.

मिक्सर बघायला आलेलं जोडपं इकडे सरकलं. मग मालक आले. बाबांनी आठ जणांना कॉफी पाजली आणि मला त्यांना अक्षरशः ओढून बाजूला काढावं लागलं. किंमत ऐकून ते आधी छताकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले, पण नको म्हणाले नाहीत.

मशीन घरी आलं ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी. मी आनंदाच्या भरात मजल्यावरच्या सगळ्यांना सांगून टाकलं, पाचला कॉफीला या. चाळ पाडून टॉवर झाला तरी आमच्या मजल्यावर जुनेच शेजारी आहेत. चार वाजता बिस्किटं घेऊन परतले तर मशीन ओट्यावर नव्हतं. हॉलमध्ये पाटावर होतं. टाकीला हळदकुंकू, नळीला झेंडूची माळ, समोर वाटीत कॉफीच्या बियांचा नैवेद्य.

"बाबा, पाचला माणसं येतायत!"

"येऊंदेत. आज खंडेनवमी. पूजलेला यंत्र आज चालवचा नाय."

माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं! गिरणीत खंडेनवमीला यंत्रं धुवूनपुसून पूजायचे, बायकामुलांना आत सोडायचे, आणि यंत्राला त्या दिवशी सुट्टी. आईचा हात धरून मी माळ घातलेला बॉयलर बघितला होता, आणि मीच नेमकं त्या दिवशी आमंत्रण देऊन बसले होते. बाबांना समजवायची सोय नव्हती. पाचला अकरा जण आले. जो तो आत आला की कॉफीच्या मशीनला हात जोडायचा. समोरच्या काकूंनी तर फूलही वाहिलं. मग आईने चहा टाकला आणि सगळ्यांनी मशीनपुढे मांडी घालून तो प्यायला. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आई स्वयंपाकघरातून ओरडत होती, "कॉफीक बोलवन चाय पाजतत, असा घर बघलास खय?"

दसऱ्याच्या संध्याकाळी मात्र सोनं वाटून झाल्यावर जी रांग लागली ती जिन्यापर्यंत गेली. कॉफीचं बटण मी दाबत होते, दूध बाबा करत होते. खालच्या मजल्यावरचे लोकही आले. लहान मुलांना नुसता फेस हवा होता, बाबांनी तोही दिला. आईने दोनदा स्टूल आणून ठेवलं. बाबांनी त्याच्यावर चॉकलेट पावडरचा डबा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मला लवकर जाग आली. आज बाबांना आयती कॉफी द्यावी, काल फार दमले असतील, असं मनात आणून मी ओट्याजवळ गेले आणि मशीनकडे हात नेला. मागून पावलं वाजली. बाबा अंघोळ करून, केस विंचरून उभे होते.

"सरक गो. माझ्या खात्यात तुझा काय काम?"

गिरणीत जो तो आपापल्या खात्याचा असायचा. कुणाचं ताण्याचं खातं, कुणाचं रंगाचं खातं. बाबांचं बॉयलर खातं. लग्नांत कॉफी दिली त्या सगळ्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या कामाला हा शब्द एकदाही लावला नव्हता. मी हात मागे घेतला आणि बाजूला झाले. स्वयंपाकघरातून असं हाकललं गेल्याचा मला इतका आनंद झाला की बाहेर येऊन मी आईला झोपेतून उठवलं आणि सांगितलं, "ऊठ, बाबा कामावर गेलेत."