घाटसम्राटाच्या साखळ्या

स्टँडवरचे ड्रायव्हर त्याला घाटसम्राट म्हणत. निम्मे थट्टेनं म्हणत. पण त्याला ते कळत नसे, आणि कळलं असतं तरी त्यानं मानलं नसतं. सव्वीस हिवाळे तो पर्यटकांना डोंगरातल्या तीन तळ्यांपर्यंत नेऊन आणत होता. तळी पाठ, वळणं पाठ, आणि मागच्या सीटवर बसतात ते सगळे बिनडोक, हेही पाठ. पदरचे पैसे मोडून थंडीत यायचं आणि आल्याबरोबर हीटर वाढवायला सांगायचं, असल्यांना मान तो काय द्यायचा? रोज संध्याकाळी चहा पिताना तो त्यांच्या नकला करी. घरी जेवताना त्याच नकला बायकोपुढे.

नकला मालकापर्यंत पोचल्या नव्हत्या, तक्रारी पोचल्या होत्या. या मोसमात दोन. "तिसरी आली की किल्ली इथे ठेवायची आणि घरी बसायचं," मालकानं टेबलावर बोट टेकवून सांगितलं होतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरी गाडी कोणी देत नाही, हे न कळण्याइतका तो खुळा नव्हता.

त्या दिवशी गाडीत एक चष्मेवाला, त्याची बायको आणि त्याची आई अशी तिघं होती. पहिल्या तळ्यापाशी आई म्हणाली, "किती निळं गं पाणी!" निळं नाही तर काय गुलाबी असणार, हा मनात म्हणाला. दुसरं तळं काठाकाठानं गोठलं होतं, मागचे डोंगर पांढरेशुभ्र झाले होते. चष्मेवाल्यानं ते सगळं फोनमधूनच पाहिलं.

घाटाच्या पायथ्याशी सुनेनं विचारलं, "काका, वर बर्फ पडतोय असं दाखवतंय. घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या लावायच्या का?"

"ताई, साखळ्या नवशिक्यांना लागतात. फोनला घाट ठाऊक, की मला?"

साखळ्या लावणं त्या स्टँडवर कमीपणाचं मानत, आणि हे शहाणपण यानंच तिथे रुजवलं होतं.

तिसऱ्या वळणावर गाडी मागे घसरायला लागली. ब्रेकला दाद देईना. मागचं चाक चरात गेलं म्हणून थांबली; तिथून दोन हातांवर कठडा आणि खाली तळं. हा उतरला, डिकीतून साखळ्या काढल्या. सात-आठ वर्षं हात न लागल्यानं त्या गंजून एकमेकींत अडकल्या होत्या. कुठलं टोक कुठे जातं तेच सम्राटांना आठवेना.

"द्या इकडे," सून म्हणाली. फोनमध्ये बघत बघत ती बर्फात गुडघे टेकून बसली आणि तिनं दोन्ही साखळ्या चढवल्या. चष्मेवाला खोऱ्यानं बर्फ उपसत राहिला. आईनं थर्मासमधला चहा याच्या हातात दिला. "तुम्ही बसा हो आत. होतं असं कधी कधी."

गाडी चरातून निघाली आणि मालकाचा फोन आला. "कुठे आहात? हॉटेलवाला जेवणासाठी खोळंबलाय." फोन स्पीकरवर होता. यानं आरशातून मागच्या सीटकडे पाहिलं.

मागून चष्मेवाला म्हणाला, "आम्हीच थांबवलं त्यांना. तळं बघत बसलो. गाडी फार सांभाळून चालवतात हो."

संध्याकाळी स्टँडवर यानं रंगवून सांगितलं. चष्मेवाला कसा रडकुंडीला आला, सून कशी किंचाळली, आणि आपण एकट्यानं खांदा देऊन गाडी कशी बाहेर काढली. ड्रायव्हर हसून हसून बेजार झाले. एवढं खोटं बोलून हा चहाही त्यांच्याच पैशांनी प्याला.

घरी ताटावर बसल्यावर यानं तीच कथा सुरू केली. बायको वाढता वाढता थांबली. "अहो, मग तक्रार केली असेल त्यांनी. किल्ली घेतली का मालकानं?"

"नाही केली." घास हातातच राहिला. "उलट माझ्यासाठी मालकाशी खोटं बोलले."

"चांगली माणसं दिसतात."

"कसली चांगली!" त्यानं ताट सारलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही. "रोज ज्यांना मी मूर्ख म्हणतो ना, त्यांना माझी कीव आली. तक्रार करण्याच्याही लायकीचा वाटलो नाही मी त्यांना."