पायाळूचा पाय

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. मी आणि माझा धाकटा दीर शहाद्याहून सर्व्हिस मोटारीनं गावी येत होतो. लोणखेड्याच्या पुढं म्हशी आडव्या आल्या म्हणून मोटार थांबली, आणि मागून कापूस भरलेला खटारा येऊन आदळला. मी शेवटच्या बाकावर होते. अंग पुढं फेकलं गेलं, डोकं मागंच राहिलं, आणि मग तेही ताडकन पुढं आलं. बस्स, एवढंच. दिराचं कपाळ दांडीवर आपटून थोडं रक्त आलं.

घरी पोचल्यावर त्याला हळदीचं दूध काय, शिरा काय, विचारू नका! मला कोणी हाकसुद्धा मारली नाही. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला काही दुखतही नव्हतं. भाकरी मीच थापल्या.

सकाळी मात्र डोकं दोन्ही हातांनी धरून उठावं लागलं. मान लाकडासारखी ताठ. सासूबाई चुलीपासून म्हणाल्या, "रगत ना, खोक ना, मंग कसानी मान दुखस? काम देखीसन दुखस!"

शेवटी घरात ठरलं, उसण भरली. उसणीवर आमच्याकडं एकच औषध. पायाळू, म्हणजे जन्मताना ज्याचे आधी पाय बाहेर आले, अशा माणसानं दुखऱ्या जागी पाय लावायचा. आणि गावातला नावाजलेला पायाळू कोण? माझाच नवरा! कळसाडीपासून माणसं दारात यायची. ह्यांना त्याचा कोण तोरा!

मला ओट्यावर पालथं निजवलं. शेजारणी बघायला जमल्या. ह्यांनी मानेवर टाच ठेवली आणि दाबली. डोळ्यांपुढं अंधारी आली. पदर दातांत धरला म्हणून बोंब बाहेर पडली नाही.

"गई ना उसण?" ह्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई शेजारणींना सांगून मोकळ्या, "मन्हा पोर्‍याना पाय कधी वाया गया नही."

झालं! आता दुखतं म्हणावं तर चारचौघींत नवरा खोटा पडणार, आणि मग त्या घरात मी कोणत्या तोंडानं राहायचं? मी म्हटलं, "गई."

पुढं कैक वर्षांनी एका डॉक्टरनं समजावून सांगितलं. असा हिसका बसला की मानेचे स्नायू आतल्या आत ताणले जातात, फाटतात. रक्त दिसत नाही, आणि दुखणं बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी वर येतं. अशी मान दाबायची नसते, तिच्यावर ओझं तर मुळीच द्यायचं नसतं. मेलं, हे तेव्हा कोण सांगणार होतं?

उसण गेली म्हटल्यावर डोक्यावर तांब्याचा हंडा आलाच. विहिरीवरून परतताना खांद्यापासून बोटांपर्यंत मुंग्या आल्या, हात बधिर झाला आणि हंडा दगडावर आदळला. मी मान धरून तिथंच बसले. सासूबाई अंगणातून धावत आल्या. मला वाटलं, आता तरी यांना पटेल. त्या माझ्या बाजूनं तशाच पुढं गेल्या.

"हंडाले पोचा पडना व माय!" हंडा उचलून त्या पोच्यावरून हात फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी हातातली कामं टाकून हे तो हंडा शहाद्याच्या तांबटाकडं घेऊन निघाले. बरोबरची भाकरी द्यायला मी मोटारीपर्यंत गेले होते. मान वळत नव्हती, म्हणून अख्खं अंग वळवून पाहिलं. हंडा टपावर टाकू दिला नव्हता. वाटेत धक्का लागू नये म्हणून हे तो मांडीवर घेऊन बसले होते.