सतरा आणि अठरा नंबरच्या बाटल्या

आमच्या रसायनशास्त्र विभागात दर गुरुवारी दुपारी तीनला सेमिनार असायचा. प्रबंध सादर करण्याआधी प्रत्येकाला तिथं एकदा उभं राहून आपलं सगळं काम मांडावं लागे, आणि त्या दिवशी दुसऱ्या विद्यापीठातून एक परीक्षक येत. माझी पाळी एप्रिलमध्ये आली.

जिंतूरच्या वरच्या अंगाला डोंगरात जी गावं आहेत, तिथल्या हापशांच्या पाण्यात फ्लोराईड किती आहे, हा माझा विषय. दोन वर्षं मी एसटीनं आणि उरलेलं अंतर मिळेल त्या गाडीनं फिरले होते. प्रत्येक हापशावर आधी खिशातल्या मीटरनं पाण्यातले क्षार मोजायचे, आकडा तिथंच वहीत टिपायचा, मग प्लास्टिकची बाटली भरून तिच्यावर नंबर घालायचा. फ्लोराईड मोजायचं ते इथं परभणीला प्रयोगशाळेत. फ्लोराईड जास्त निघालं तर त्या गावी परत जाऊन हापशावर लाल रंगाची फुली मारायची, असं मी आणि माझ्या गाईडनी ठरवलं होतं. तसा विभागाचा काही नियम नव्हता. पण नुसती बाटली भरून नेली आणि लोकांना काही सांगितलंच नाही, हे आम्हा दोघांनाही बरं वाटत नव्हतं.

सेमिनारच्या आठवड्यात सोमवारी एका गावच्या अंगणवाडीच्या बाईंचा फोन आला. नमुने घेताना त्यांनीच मला गावभर फिरवलं होतं. पन्नाशीच्या असतील, मी त्यांना मावशी म्हणायचे. मी स्लाइड करत बसले होते. त्या म्हणाल्या, "मॅडम, त्या लाल फुलीबद्दल जरा बोलायचं हाय." मी म्हणाले, "मावशी, गुरुवारी सेमिनार आहे माझा. तो झाला की बोलू." बुधवारी परत फोन आला, तो मी उचललाच नाही.

गुरुवारी मी बोलायला उभी राहिले तेव्हा त्या शेवटच्या रांगेत बसलेल्या होत्या. अंगणवाडीची गुलाबी साडी, मांडीवर पिशवी. सेमिनारला या, असा माझ्या बोलण्याचा अर्थ त्यांनी घेतला होता. सकाळी जिंतूरला येऊन, तिथून बस बदलून, विचारत विचारत त्या विभागापर्यंत पोचल्या होत्या.

पहिली पंचवीस मिनिटं नीट गेली. परीक्षक मान हलवत होते. विभागप्रमुख अधूनमधून घड्याळ बघत होते, म्हणजे सगळं ठीक चाललं होतं. मग मी नकाशा लावला. ज्या हापशांचं पाणी चांगलं तिथं हिरवे ठिपके, जिथलं वाईट तिथं लाल. विभागप्रमुख म्हणाले, प्रश्न विचारा. परीक्षकांनी दोन विचारले, मी उत्तरं दिली. तेवढ्यात मागून हात वर झाला.

"आमच्या गावात दोनच हापसे हायेत," मावशी उभं राहून म्हणाल्या. "एक शाळेजवळ, एक देवळामागं. मॅडमनी शाळेजवळच्याला फुली मारली. पण त्याचं पाणी आमी लय वर्सं झाली पितोत. दात खराब हायेत ते देवळामागच्या गल्लीतल्या लेकरायचे."

विभागप्रमुखांनी विचारलं, "बाई, तुम्ही कोणत्या विभागाच्या?"

"अंगणवाडीची हाय मी."

दोघं-तिघं हसले. विभागप्रमुख शांतपणे म्हणाले की लोकांचा समज आणि प्रयोगशाळेतलं मोजमाप यांत फरक असतो, आणि हा प्रश्न चर्चेच्या कक्षेत येत नाही. परीक्षकांनी कागद आवरायला घेतले. माझे गाईड पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघत होते. आता आभार मानायचे आणि खाली बसायचं, एवढंच माझ्याकडून अपेक्षित होतं.

मावशी बसल्या नाहीत. म्हणाल्या, "फुली मारल्यापासून शाळेतली समदी लेकरं देवळामागचं पाणी पियालीत. म्हणून म्हणलं, एकदा बघा."

माझी वही टेबलावरच होती. ती मी का उघडली ते मला आजही नीट सांगता येत नाही. चूक सापडेल असं वाटत नव्हतं. त्यांना पुराव्यानिशी उत्तर द्यावं, बहुधा एवढंच मनात होतं. शाळेजवळचा हापसा सतरा नंबर, देवळामागचा अठरा. वहीत सतराच्या पुढे क्षारांचा आकडा लहान होता, अठराच्या पुढे जवळजवळ दुप्पट. प्रयोगशाळेत आणल्यावर त्याच बाटल्यांचे क्षार मी पुन्हा मोजले होते. तो तक्ता प्रबंधाच्या शेवटी होता. मी लॅपटॉपवर तो काढला. तिथं सतरा नंबरची बाटली दुप्पट क्षारांची, आणि अठरा नंबरची कमी.

मी दोन्ही आकडे तीनदा वाचले. आणि मग आठवलं. त्या गावाहून नमुने आणले त्या दिवशी बाटल्यांच्या बर्फाच्या डब्यात पाणी साचलं होतं आणि काही बाटल्यांवरचे नंबर फिसकटले होते. विभागाच्या पायऱ्यांवर बसून मी ते मार्करनं पुन्हा लिहिले होते. ही सतरा, ही अठरा. इतक्या खात्रीनं, की वही उघडायची गरजही वाटली नव्हती.

"काय झालं?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, बाटल्या बदलल्यात," मी म्हणाले. "माझ्या हातून. त्या म्हणतात ते बरोबर आहे."

मग विभागप्रमुखांनी तो प्रश्न विचारला, जो मी स्वतःला विचारायला घाबरत होते. "म्हणजे बाकीचे नमुनेही असेच असतील?"

"माहीत नाही, सर."

परीक्षकांनी कागद पुन्हा उघडले आणि त्यावर काहीतरी लिहिलं. सगळे नमुने वहीशी ताडून बघा, तोवर सेमिनार पूर्ण झाला असं मी लिहून देणार नाही, असं ते म्हणाले. आवाज चढला नाही त्यांचा. चहा आला, पण कुणी माझ्या बाजूला उभं राहिलं नाही.

गाईडनी मला केबिनमध्ये बोलावलं. "हे आधी माझ्याकडे यायला हवं होतं. सगळ्यांसमोर कसली घाई होती?"

"सर, मलाच तिथं कळलं."

"ठीक आहे. आजपासून सगळ्या नोंदी काढून बस. गावाचं नंतर बघू."

"सर, शाळेतली मुलं ते पाणी पितात."

"फुली मारून दोनच महिने झालेत, तेवढ्यात दात बिघडत नाहीत. वर्षं लागतात त्याला," ते म्हणाले. ते खरंच होतं. तरी मी मीटर आणि रिकाम्या बाटल्यांची पिशवी उचलली आणि मावशींच्या मागोमाग बसस्टँडवर गेले.

जिंतूरपर्यंत आम्ही शेजारी बसलो होतो. मी एकदा म्हणाले, "मावशी, तुमचा फोन मी उचलायला पाहिजे होता." त्या म्हणाल्या, "हो, पाहिजे होता." आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागल्या.

गावात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. शाळेजवळच्या हापशापाशी कुणी नव्हतं. मीटर लावला, आकडा लहान आला. देवळामागं सात-आठ बाया पाणी भरत होत्या. तिथं आकडा दुप्पट. आता शंकेला जागाच राहिली नाही. मी तिथंच उभी राहून सांगितलं की चूक माझी आहे, मी चांगल्या हापशाला फुली मारली, आणि हे पाणी पिऊ नका.

कुणी भांडलं असतं तर सोपं गेलं असतं. एका बाईनं भरलेली घागर जमिनीवर ओतली आणि रिकामी घेऊन शाळेकडे चालू लागली. दुसरीनं विचारलं, "आधी हे वाईट म्हणाल्या, आता ते वाईट म्हणायलात. उद्या काय म्हणताल?" मावशी तिला म्हणाल्या, "त्या आल्यात तरी. भर तू तिकडं." तेवढंच त्या माझ्या बाजूनं बोलल्या.

रॉकेलच्या फडक्यानं शाळेजवळची फुली पुसायला बराच वेळ लागला. पुसली तरी तांबूस डाग राहिलाच. दोन्ही हापशांचं पाणी मी पुन्हा बाटल्यांत घेतलं, आणि या वेळी नंबराबरोबर जागेचं नावही लिहिलं. रात्री मावशींच्या घरी राहिले. सकाळी पहिल्या गाडीनं परत.

पुढचे पाच आठवडे मी एकेक बाटली वहीशी ताडून पाहिली. त्याच दिवशीच्या आणखी दोन बाटल्यांचे आकडे जुळेनात. त्या गावांना जाऊन मी नवे नमुने आणले. सुदैवानं तिथं दोन्ही हापशांचं पाणी चांगलं होतं, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नव्हतं. देवळामागच्या पाण्यात फ्लोराईड मात्र मर्यादेच्या बरंच वर निघालं, आणि लाल फुली त्या हापशावर गेली. गाईड त्या काळात माझ्याशी कामापुरतंच बोलले. एकदा मात्र त्यांनी माझी वही मागून घेतली आणि दोन दिवसांनी परत दिली. प्रत्येक पानावर पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा होत्या. सगळे आकडे त्यांनी स्वतः पुन्हा तपासले होते.

दुसरा सेमिनार ऑगस्टमध्ये झाला. मी सुरुवातच त्या चुकीच्या तक्त्यापासून केली. विभागप्रमुखांनी विचारलं की हे दाखवायची गरज आहे का. परीक्षक म्हणाले, "असू द्या." मावशींना मी बोलावलं होतं, पण त्यांच्या अंगणवाडीत त्या दिवशी मुलांची वजनं घ्यायची होती. संध्याकाळी मी फोन करून सांगितलं, झालं म्हणून. त्यांनी विचारलं, "पास?" मी हो म्हणाले. मग त्यांनी गावातला एक नवा बोअर सांगितला, त्याचं पाणी बघायला कधी येता म्हणून विचारलं, आणि मी शनिवार म्हणाले.