श्रावणात छतात लपवलेली बरणी

लग्न झाल्यापासून मी लोकांची चौकशीची खिडकी झालो आहे. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मस्कतच्या रुवी बाजारात चहाला उभा राहिलो की ओळखीचा-बिनओळखीचा कोणीतरी जवळ येतो आणि हळूच म्हणतो, "भाऊ, तुमची मिसेस थायलंडची ना? मग एक विचारू?" आणि एक म्हणत सात विचारतो. गोव्याला उतरल्यावर दोघांनी एका लायनीत उभं राहायचं की वेगळ्या? वेगळ्या, माझी बायको परदेशी लायनीतून माझ्या आधी सुटते आणि ट्रॉली धरून माझी वाट बघते. लग्नाचा दाखला किती भाषांत लागतो? आपल्याकडे जेवढ्या भाषांत असेल त्याहून एका जास्त. भात कोणता शिजवायचा, तिचा चिकट की आपला? दोन कुकर घ्या.

मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. मला कोणी काही विचारेल असं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, म्हणून जीव तोडून उत्तरं देतो आणि घरी येऊन, चुकीचं तर नाही ना सांगितलं, अशी काळजी करत बसतो. पण ज्याचं उत्तर मला पक्कं ठाऊक आहे तो प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही. गावाहून आई येणार असेल तर बायकोची माशांची बरणी कुठे ठेवू नये, हा तो प्रश्न.

मी एसीचा मेकॅनिक. आधी तीन वर्षं ओमानच्या वाळवंटातल्या दुक्म बंदरावर काढली. तिथे पुरुष, पाइप आणि वाळू, चौथी गोष्ट दिसत नाही. मग साहेबांनी मला मस्कतला आणलं. त्या साहेबांना मी आजही मनातल्या मनात हात जोडतो, कारण दुसऱ्याच आठवड्यात एका लेडीज सलूनमधला एसी गळतो म्हणून तक्रार आली, आणि गळत्या एसीखाली बादली धरून जी उभी होती ती आता माझी बायको आहे. लग्न तिच्या गावाकडच्या सरकारी कचेरीत झालं. आई आली नव्हती. तिने नको म्हटलं नव्हतं आणि बरं झालं असंही म्हटलं नव्हतं. गुडघा दुखतो, एवढंच म्हणाली होती.

मग गेल्या वर्षी फोनवर एकदम म्हणाली, "आधी माका तिका बघूंदे. मगे सांगतंय, चवथीक घेवन येवचा काय नाय ता. पूजेक जोडीन कोण बसता ता माका आधी समजूक व्हया."

आमच्या घरचा गणपती पाच दिवसांचा. लग्न झालेला मुलगा बायकोला घेऊन पाटावर बसतो. आईने नको म्हटलं असतं तर मी एकटा गेलो असतो, एकटा पाटावर बसलो असतो, आणि मग सगळ्या वाडीला जे समजायचं ते समजलं असतं. बायकोला हे सगळं मी समजावून सांगितलं होतं. आमची बोली इंग्रजी, हिंदी आणि अरबी 'यल्ला-खलास' यांची मिसळ आहे, ती तशीच लिहिली तर कोणाला कळायची नाही, म्हणून इथे सरळ मराठीत लिहितो. ती म्हणाली, "म्हणजे तुझी आई माझी परीक्षा घ्यायला येते आहे." मी म्हटलं, "नाही, नाही, बघायला." ती म्हणाली, "सलूनचा मालकही बघायलाच येतो."

आई नेमकी श्रावणात येणार होती. श्रावणात आई मासे शिवत नाही. हे बायकोला एका मिनिटात पटलं. तिचे बाबाही पावसाचे तीन महिने दारू सोडतात म्हणे. अडचण बरणीची होती. तिच्या आईने मासे, मीठ आणि भाजलेल्या तांदळाची भरड घालून मुरवलेलं ते प्रकरण फ्रिजच्या खालच्या कप्प्यात असायचं. पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा मी गॅसचा नळ बंद करायला धावलो होतो. पुढे सवय झाली आणि मग आवडही लागली, ती गोष्ट वेगळी.

मी म्हटलं, "पंधरा दिवस ही बरणी दिसता कामा नये. आईला चालणार नाही."

"आईंना विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? श्रावण आहे."

तिने बरणी फ्रिजमधून काढून माझ्या हातात दिली. "तुझी आई, तुला माहीत," म्हणाली आणि कामावर गेली.

आता लपवायची कुठे? माझी आई कुठल्याही घरात गेली की तासाभरात सगळे डबे उघडून बघते. कपाट, पलंगाखालचा खण, वॉशिंग मशीन, तिच्या हातातून काही सुटत नाही. शिल्लक राहिली एकच जागा. अल हैलच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमबाहेर छताला एक झाकण आहे, वरच्या पोकळीत एसीचं मशीन. मी ज्या ज्या घरी दुरुस्तीला जातो तिथे पहिलं हेच सांगतो, की बाबांनो, इथे सामान ठेवू नका, मशीन इथूनच हवा ओढतं आणि घरभर सोडतं. लोकांना सांगून सांगून माझा घसा बसला आहे. आणि त्या दिवशी मी शिडी लावली, बरणीला तीन पिशव्या गुंडाळल्या, त्यावर डक्टची चंदेरी टेप मारली आणि मशीनच्या शेजारी ठेवून झाकण लावलं. माझ्याइतकं पक्कं पॅकिंग कोण करणार, असंही मनात आलं.

आई आली. विमानतळावर बायको हात जोडून एवढी वाकली की आई घाबरून दोन पावलं मागे सरकली आणि मागच्या माणसाच्या ट्रॉलीवर बसली. घरी येऊन आईने अपेक्षेप्रमाणे सगळे डबे उघडले. काही सापडलं नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

खरी पंचाईत जेवणात झाली. आमच्याकडे पाहुण्याने नको नको म्हणेपर्यंत वाढायचं असतं, आणि आईने पहिल्या दिवसापासून वाढप स्वतःकडे घेतलं. बायकोकडची रीत अशी की मोठ्या माणसाने दिलेल्याला नको म्हणायचं नाही. आई वाढते आहे, ही खाते आहे. वरणभात, पुन्हा वरणभात, त्यावर वालीची भाजी, पुन्हा भात. मी मध्ये बसून दोघींकडे बघतो आहे, कोणीतरी थांबेल म्हणून.

तिसऱ्या दिवशी बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं. "खरं सांग, तुझी आई मला कशाची शिक्षा देते आहे?"

तिथून बाहेर आलो तर आई म्हणाली, "ह्या चेडू बारीक दिसता, पण भात बरो जिरयता. तू तिका घरात खाऊक घालतंस मा रे?"

मी बायकोला सांगितलं, पोट भरलं की ताटावर हात आडवा धर. ती म्हणाली, आईंच्या हातासमोर हात? शक्य नाही. त्याऐवजी तिने तिच्या गावच्या पद्धतीने केलं, म्हणजे दुसऱ्या दिवशी ताटात मूठभर भात ठेवून उठली. आईने त्या भाताकडे बघितलं. ताट उचललं, भात कागदावर काढून गच्चीवर कबुतरांना घालून आली. आमच्या घरात ताटात भात टाकून उठणं म्हणजे काय, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? गेली चवथी, मी मनात म्हटलं. एकट्याचं तिकीट काढावं लागणार.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. बाहेर असं ऊन की गाडीचं हँडल धरवत नव्हतं. आई दुपारची आडवी झाली होती, उकडतंय म्हणाली म्हणून मी एसी पार खाली आणला. मशीन जोरात चालू झालं. पाच मिनिटांत वास आला. आधी बारीक, मग हॉलमधून, बेडरूममधून, स्वयंपाकघरातून, जिथे जिथे जाळी आहे तिथून एकदम. जणू सगळ्या घरात कोणीतरी जाळं झटकलं.

आई उठून बसली. "ह्यो वास खंयसून येता?"

"बाहेरून असेल. समुद्र आहे ना इथे."

"समुद्राचो वास माका शिकवतंस?" तिने फ्रिज उघडला, कचऱ्याचा डबा बघितला, माझे मोजे हुंगले. मग बायकोकडे वळून नुसतं नाकाला बोट लावलं. बायकोने खोटं बोलायला मला एकदाही होकार दिला नव्हता, हे मी तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं. तिने छताकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे.

शिडी लावताना मी मनात गाऱ्हाणं घातलं, बा देवा महाराजा, चुकला आसात ता पदरात घे. झाकण उघडलं तर छतातल्या उकाड्याने बरणी फसफसली होती, झाकण वर आलेलं, चंदेरी टेप फुगलेली आणि अर्धा ऐवज मशीनच्या पाण्याच्या ट्रेमध्ये. बरणी घेऊन खाली उतरलो. आता आई बायकोला काय म्हणते, या भीतीने मी शिडीची शेवटची पायरी सोडतच नव्हतो.

आई माझ्याकडे वळली. "तू ठेवलंस ही थंय?"

"श्रावण म्हणून. तुला चालणार नाही म्हणून."

"अरे मेल्या! तिच्या घरात तिचाच जेवाण माळ्यार चढवलंस, आणि नाव माझा केलंस? माका इचारलेलंस? मी काय हडळ आसंय, वास आयलो म्हणान तिका गिळतलंय? श्रावण मी पाळतंय. तिका कित्याक पाळूक लावलंस?"

बायकोला शब्द कळले नाहीत, पण कोणाला पडताहेत ते कळलं. तिने बरणी माझ्या हातातून घेतली आणि आईला म्हणाली, "माय मदर. मेक." मदर आईला कळतं. आईने बरणी हातात घेतली, नाकाजवळ नेली.

"आई, श्रावण..."

"खाऊचा नाय म्हणजे हुंगूचा नाय, असा खंय लिवलेला आसा?" तिने पुन्हा एकदा नीट हुंगलं. "मीठ बरोबर पडला हा. हिच्या आवशीचो हात बरो आसा."

मी ते भाषांतर करून सांगितलं आणि बायको त्या पाच दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने हसली. मग आईने, बसल्याबसल्या, मला विचारायला लावलं की काल ताटात भात का टाकलास. बायको म्हणाली, आमच्याकडे थोडं उरवलं की वाढणाऱ्याला कळतं, पाहुण्याचं पोट भरलं. सगळं संपवलं तर पाहुणा उपाशी असं समजतात.

"मगे पैल्याच दिसाक सोडूचो होतो गे!" आई म्हणाली. "ही नको म्हणणा नाय, आणि मी थांबलंय तर म्हणतली सासू हात आखडता. वाढून वाढून माझो खांदो दुखलो."

मी दोन दिवस एसी साबणाने धुतला. बायको आणि आई खाली बसून सूचना देत होत्या, एक तिच्या भाषेत, एक आमच्या, आणि दोघींचं म्हणणं एकच होतं, की अजून वास आहे.

आई जाण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत चवथीचं नाव नाही. विचारायची माझी हिंमत नव्हती. तिची बॅग बांधत होतो तेव्हा तिनेच विचारलं, "विमानात काचेची बरणी घेवक देतत काय रे?"

असले प्रश्न म्हणजे माझा प्रांत. मी सुरू झालो. हातातल्या पिशवीत नाही चालत, मोठ्या बॅगेत टाकायची, दुहेरी पिशवी, झाकणाला टेप, पण तुला श्रावणात कशाला...

"माझ्यासाठी न्हय. आमचो गणपती पाच दिसांचो. सहाव्या दिसाक घरात मासे येतत, तेव्हा व्हयी. चवथीक येताना ती घेवन येतली." मग म्हणाली, "आणि आयक. बरणी तुझ्या बॅगेत ठेव, तिच्या नको. तिका पूजेची साडी घेवची आसा. फुटली तर तुझे कपडे वास मारूंदेत."